विष्णुक्रांता, जवस नव्हे

एकाहत्तर-बहात्तरच्या सुमारास मी नगरला बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते. वनस्पतिशास्त्राच्या तासाला रानातली दहा झाडं ओळखून, वाळवून आणायची होती. होळीच्या सुट्टीत जामखेडजवळच्या आमच्या गावी माळावर मला नखाएवढं निळं फूल सापडलं. दुपारची वेळ, फूल अर्धवट मिटलेलं. वाळवून, कागदावर चिकटवून सरांपुढे ठेवलं.

“जवस आहे. शेतातून बाहेर आलेलं,” सर म्हणाले आणि लाल शाईनं तसं लिहूनही टाकलं.

मला पटेना. पुढच्या रविवारी पुन्हा गाव गाठलं. शेजारच्या चाची शेळ्या राखायच्या. त्यांना कागद दाखवला, तर त्या हसल्याच.

“जवस उभं ऱ्हातं, पोरी. ही इष्णुक्रांता हाय, भुईला चिकटून पसरती. अन् पानावरची लव बघ की! जवसाला लव आसती व्हय?”

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी मला माळावर नेलं. उमललेलं फूल म्हणजे एक अखंड निळी बशी. जवसासारख्या सुट्या पाकळ्या नव्हत्याच. चाचींनी खुरप्यानं मातीसकट रोप काढून डालड्याच्या डब्यात घालून दिलं.

कॉलेजात सर ते रोप भिंगातून बराच वेळ बघत राहिले. “बरोबर. जवस नाही,” एवढंच म्हणाले. ‘चुकलो’ असं काही म्हणाले नाहीत.

आठवड्यानं तेच रोप कॉलेजच्या वनस्पतिसंग्रहाच्या कपाटात कागदावर चिकटवलेलं दिसलं. खालच्या चिठ्ठीवर ‘ओळख पटवणारे’ म्हणून सरांचं नाव! माझं डोकंच फिरलं.

“सर, हे चाचींनी ओळखलंय.”

“मग शेळ्या राखणाऱ्या बाईचं नाव लावू? उद्या विद्यापीठाची माणसं तपासणीला येतील, हसतील.”

“त्यांना ओळखता आलं, तुम्हाला नाही आलं,” सगळ्या वर्गादेखत मी म्हणाले. पेन काढून सरांचं नाव खोडलं आणि चाचींचं लिहिलं.

सरांनी ती चिठ्ठी फाडली, पुन्हा स्वतःच्या नावाची नवी लावली आणि माझे गुण कापले. घरी वडिलांनीही मलाच दटावलं, मास्तरांना उलटं बोलतात का म्हणून.

चाचींना सांगितलं, तेव्हा त्या शेळीचं दूध काढत होत्या. त्यांचा हात थांबला.

“माझं नाव ऱ्हाऊ दे गं,” त्या म्हणाल्या. “पर त्यानं सोताचं का लिवावं?”