आत्याच्या तालमीतलं इंग्रजी

जुनं इंग्रजी गद्य मला माझ्या आत्याने शिकवलं. तिला इंग्रजीचा गंध नव्हता, पण टोमणे मारण्यात तिचा हात धरणारं रायपूरच्या अख्ख्या पुरानी बस्तीत कुणी नव्हतं. उशिरा उगवलेल्या पाहुण्यांना ती दारातच म्हणायची, "या नं! तुमची मोटार आमच्या गल्लीत शिरत नाही, हे का तुमच्या हातात आहे? आमचा चहा तुमाले पचत नाही, त्यात तुमचा काय दोष! आले, हेच खूप झालं." पाहुणे आधी खूश व्हायचे आणि खुर्चीत टेकल्यावर कसनुसे.

एमएला जुने निबंध समोर आले. एकेक वाक्य अर्ध्या पानाचं. मैत्रिणी सरळ कुंजी पाठ करायच्या, म्हणजे बाजारात मिळणारं हिंदी गाइड. मी मात्र ते वाक्य मोठ्याने वाचायची, आत्याच्या सुरात. कौतुक फारच लांबायला लागलं की सावध व्हायची, आता शेवटी चिमटा येणार. बहुतेक वेळा यायचाच. मला या युक्तीचा तेव्हा गर्व होता, आजही आहे.

रायपूर नव्या राज्यात गेलं, बाबांच्या सरकारी ऑफिसची वाटणी झाली आणि त्यांच्या वाट्याला भोपाळ आलं. मला रायपूर सोडायचं नव्हतं. राहायचं तर नोकरी हवी होती, आणि ती एका नव्या कॉलेजात इंग्रजी शिकवायची निघाली. निवडीसाठी खऱ्या वर्गावर तास घेऊन दाखवायचा होता. विभागप्रमुख मागच्या बाकावर कुंजी उघडून बसले.

तासाला दिलेल्या निबंधातला जमीनदार मोठा धर्मात्मा. दयाळू, देवभीरू, दारच्या कुत्र्यालाही न हाकलणारा. अशी बरीच वळणं घेत वाक्य शेवटी सांगतं, की त्याने गरिबांची शेतं स्वतःकडे घेतली आणि नांगरणीच्या कष्टातून त्यांना कायमचं सोडवलं. मी म्हटलं, हा टोमणा आहे.

"मैडम, कुंजी में तो तारीफ़ लिखी है," मागून आवाज आला.

मान डोलावली असती तर नोकरी खिशात होती. पण आत्याच्या हाताखाली वाढून टोमण्याला कौतुक म्हणायचं? ते माझ्याच्याने होणार नव्हतं.

"सर, कुंजी ग़लत है," मी म्हटलं. तेच वाक्य पुन्हा वाचलं, तुकडे पाडून हिंदीत सांगितलं आणि वर्गाला विचारलं, "बताओ, इसमें भला किसका हुआ?"

वर्ग हसला. पुढच्या बाकावरची एक मुलगी तेवढी हसली नाही.

"मैडम, नई सड़क में हमारा खेत गया, तब साहब लोग हमसे भी यही बोले थे, कि अब धूप में खटना नहीं पड़ेगा. पिताजी अब दिन भर घर में बैठे रहते हैं."

विभागप्रमुखांनी कुंजी मिटली. म्हणाले, "सोमवार से आ जाइए."

मला हवं ते मिळालं होतं, आणि मला त्या मुलीकडे बघवत नव्हतं.