रंगून नावाची बांधी

गिरजाबाईच्या नावावर आरभरही जमीन नव्हती, पण सावली या बाजारगावाजवळच्या त्या गावातल्या धानाच्या बांध्यांची, म्हणजे खाचरांची, नावं तिच्याइतकी कोणालाच पाठ नव्हती. चाळीस वर्षं ती लोकांच्या शेतात रोवणीला गेलेली. घोडमारी, लांबोडी, चिंचटोक, रडकी. सकाळी कुठे जायचं ते मजूर बायकांना याच नावांनी कळे. सातबाऱ्यावर मात्र नुसते गट नंबर.

शाळेतल्या संघप्रिया मॅडमनी गावाचा नकाशा इंटरनेटवर चढवायला घेतला आणि ज्याला जे नाव ठाऊक असेल त्याने ते मोबाइलवर बोलून पाठवावं, असं घरोघर सांगितलं. शेतमालकांकडून सतरा नावं आली. एकट्या गिरजाबाईने पासष्ट सांगितली, तीही धुऱ्याधुऱ्याने चालत, प्रत्येक बांधीशी थांबून.

जंगलाला लागून असलेल्या शेवटच्या बांधीला सगळे रंगून म्हणत. का म्हणतात, असं मॅडमनी सहज विचारलं. गिरजाबाईने इतके पावसाळे तिथे वाकून रोवलं, पण हा प्रश्न कधी तिच्या मनात आला नव्हता. आता तो जाईना. तिने बांधीच्या मालकाला, धनराजला गाठलं. त्याला गट नंबराखेरीज काही सांगता आलं नाही. म्हातारा पत्रू म्हणाला, तिथल्या मातीने हात रंगत असतील. तिने ओंजळभर माती आणली, पाण्यात कालवली, तळव्यावर चोळली. हात काही रंगले नाहीत.

शेवटी मॅडमनी नकाशावर तिच्याच आवाजात सवाल टाकला: “या बांधीले रंगून काऊन म्हणते, कोणाले मालूम असन त सांगा.”

अठरा दिवसांनी जिवतीहून मीराबाई नावाच्या बाईचा आवाज आला. तिचं माहेर याच गावचं. तिच्या आजीने सांगितलेलं असं, की धनराजचा पणजा रोवणी आटोपल्यावर बापाशी भांडून निघाला, रंगूनला कामाला जातो म्हणाला. घरचे रडले, सगळ्यात मोठ्याने आई. महिन्याने बायका निंदणाला गेल्या, तर गडी त्या बांधीवरच्या राखणीसाठी बांधलेल्या खोपडीत बसून भात खातोय, आणि वाढतेय ती त्याची आईच.

गिरजाबाईने ते तीनदा ऐकलं, पोटभर हसली. मॅडम लगेच नकाशावर टाकायला निघाल्या, तर तिने अडवलं. पणजा धनराजचा, तेव्हा आधी त्याला विचारायला हवं.

धनराजने सगळं ऐकून घेतलं. गाव हसेल म्हणून तो नको म्हणेल, असं तिला वाटलं.

“टाका बाई,” तो म्हणाला. “पण मले त त्याचं नावबी मालूम नाई. थेबी कोणी सांगते का, इचारा.”

नाव सांगणारं अजून कोणी भेटलेलं नाही. गिरजाबाई बाजाराच्या दिवशी सावलीला जाते, जुन्या माणसांजवळ बसते आणि विचारत राहते.