पौषातली बारा फुले

लग्न होऊन मी ठाण्याहून कल्याणास आले तेव्हा चौथी इयत्ता पास झाले होते. शाळेत मला धडा येत असे, पण आवाज येत नसे. पंतोजींनी उभे केले की ओठ हलत आणि शेजारची मुलगीच माझे उत्तर सांगून मोकळी होई. सासरी तर बोलण्याचा प्रश्नच नव्हता. मामंजींसमोर सुनांनी बोलायचे नसते, आणि मला ती रीत फार सोयीची वाटली. जाऊबाई मला मुकी म्हणत. हे लिहिणे मात्र मला जमते, कारण लिहिताना कोणी माझ्या तोंडाकडे पाहत नाही.

घरात मामंजी, थोरले दीर, जाऊबाई, वन्सं आणि मी. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. इकडची नोकरी मुंबईस, त्यामुळे इकडून पंधरवड्यातून एकदा आगगाडीने येणे होई.

वन्सं माझ्या दिरांहून धाकट्या आणि इकडच्याहून थोरल्या. नवव्या वर्षी लग्न आणि अकराव्या वर्षी सगळे आटोपून माहेरी परत. मी पाहिल्या तेव्हा त्या तिशीच्या आतबाहेर होत्या. लाल आलवण, डोक्यावरून पदर. कोणी कामाला बाहेर निघाले की त्यांनी समोर यायचे नाही. ओटीवर पाहुणे असले की माजघरातही फार फिरायचे नाही. त्यांना मोकळे फिरता येई अशी जागा म्हणजे घरामागचे परस. विहिरीपासून कुंपणापर्यंतचा तो तुकडा. तिथे त्यांनी हातांनी एकेक झाड लावले होते. पहाटे देवाची फुले काढायच्या, दुपारी आळी करायच्या, संध्याकाळी पाणी घालायच्या. पाणी शेंदायला मी असे. माझ्याशी तिथेच त्या बोलत, आणि काय बोलत! घरात ज्या बाईचा शब्द ऐकू येत नसे, ती परसात जाऊबाईंच्या चालण्याची नक्कल करून दाखवी. हसू दाबताना माझ्या हातून एकदा पोहराच विहिरीत गेला.

त्या वर्षी भावजींनी भाताचा व्यापार धरला. शहाड, आंबिवली, मोहने अशा गावांतून भात आणायला त्यांनी छकडा आणि बैलजोडी घेतली. बैल समोरच्या अंगणात उघड्यावर बांधलेले असत. थंडी पडली आणि बैलांना छप्पर हवे ही गोष्ट निघाली. एके दिवशी जेवताना भावजी म्हणाले, “बाबा, मागचं परस मोकळं केलं तर गोठा आणि गाडीखाना दोन्ही होतील.”

मी तूप वाढत होते. स्वयंपाकघराच्या दाराआड वन्सं बसल्या होत्या. त्यांचा हात निवडणातच थांबला.

मामंजी म्हणाले, “देवाच्या फुलांचं काय?”

“ह्या दिवसांत तिथं फुलं आहेत कुठं? काटक्या आहेत. पावसाळ्यात होतात दोन-चार, ती बाजारातही मिळतात.”

“पौष लागलाय,” मामंजी म्हणाले. “पौषात नवं काम धरत नाहीत. संक्रांत होऊ दे.”

“होऊ दे की. पण मग नक्की म्हणा.”

मामंजींनी जेवण आटोपून आपोष्णी घेतली. ते फार विचार करून बोलत. मग म्हणाले, “संक्रांतीला मी सूर्याला बारा नावांनी फुलं वाहतो. बारा नावांना बारा जातींची फुलं आपल्या परसातून निघाली तर परस राहील. नाही निघाली तर बैल बांध.”

भावजी हसले. “बारा जाती? भर थंडीत? बाबा, मी उद्याच वासे सांगून ठेवतो.”

रात्री निजताना वन्सं मला एवढेच म्हणाल्या, “अगं, ते गेलं तर मी दिवसभर बसू कुठं?” त्या रडल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मोजायला लागलो. धुके होते आणि झाडांवरून थेंब गळत होते. आधी आमची मोजणी फार जोरात झाली. लाल जास्वंद एक, दुहेरी जास्वंद दोन, पांढरी तीन. कण्हेर तांबडी, कण्हेर पिवळी. कोरांटी पिवळी, कोरांटी निळी. मी बोटांवर मोजीत होते आणि दोन्ही हातांची बोटे संपून गेली.

“पंधरा!” वन्सं म्हणाल्या. “बघ, तीन उरली. ती दादाच्या बैलांच्या शिंगांना बांधू.”

दुपारी आमचा आनंद जाऊबाईंच्या कानावर गेला आणि त्यांच्याकडून भावजींच्या. भावजींनी ओटीवरूनच मोठ्याने सांगितले, “जास्वंद ती जास्वंद, मग लाल असो की पांढरी. रंग मोजायचे नाहीत म्हणावं, जात मोजायची.” मामंजी तिथेच बसले होते. ते म्हणाले, “हे बरोबर आहे.”

पुन्हा मोजले. जास्वंद, कण्हेर, कोरांटी, शेवंती, झेंडू, कुंद, सदाफुली, तगर, गोकर्ण आणि अबोली. दहा. कुंपणाला धोत्रा फुलला होता, पण तो महादेवाचा, सूर्याला आमच्याकडे वाहत नाहीत. तुळशीला मंजिऱ्या होत्या, त्यांना मामंजी फुलांत धरत नसत. मोगरा, जाई, चाफा सगळे झोपलेले.

मी भीत भीत म्हटले, “वन्सं, शहाडला नदीकाठी रुई आहे. भात घेऊन येणाऱ्या गड्याला सांगितलं तर दोन फुलं आणील. रुई तर सूर्याचीच.”

“आणि बाबांनी विचारलं, कुठल्या झाडाची, तर?”

“ते कशाला विचारतील?”

“नाही विचारणार. म्हणून तर आणायची नाही.” त्यांनी शेवंतीचे वाळके पान खुडले. “परस ठेवायचंय ते ह्याच परसाच्या फुलांवर. नाहीतर रोज सकाळी मला त्या रुईची आठवण होईल.”

त्यानंतर रोज आम्ही एकेक झाड वाकून पाहू लागलो. अशा रीतीने मी कधी परस पाहिले नव्हते. आधी मला तिथे फक्त हिरवे आणि वाळलेले दिसे. आता कुंदाच्या कळ्या कालच्यापेक्षा किती फुगल्या हे कळू लागले. गोकर्णाला जास्त थंडी पडली की फूल लहान येते, झेंडूला दव आवडते, अबोलीचा तुरा खालून वर फुलत जातो. एका सकाळी वन्सं विहिरीजवळच्या आंब्याखाली उभ्या राहिल्या आणि मान वर करून एकदम म्हणाल्या, “अगं, आपण आंधळ्या आहोत का?” वरच्या फांदीला मोहर आला होता. पायांशी फुले हुडकता हुडकता वर कोणी पाहिलेच नव्हते. मोहर तर देवाला वाहतातच. अकरा झाली.

बारावे गुलाबावर होते. रोपाला एकच कळी होती, टोकाशी गुलाबी रेघ दिसू लागलेली. वन्संनी दिवसांचा अंदाज केला आणि म्हणाल्या, “संक्रांतीला उमलेल. उमललीच पाहिजे.” त्या कळीला आम्ही दोघींनी जपले तसे घरातल्या लेकरालाही कोणी जपले नसेल. रात्री थंडी फार म्हणून वन्संनी तिच्याभोवती केळीच्या खोडाचे वाळके सोपट बांधले. जाऊबाईंनी ते पाहून विचारले, “बारसं कधी आहे?” पण दुसऱ्या दिवशी त्यांनीच शिळ्या ताकाची वाटी आणून दिली आणि म्हणाल्या, “मुळाशी घाला. माझ्या आईचा गुलाब ह्याने फुलायचा. ह्यांना सांगू नका.”

संक्रांतीच्या आदल्या रात्री कडाक्याची थंडी पडली. पहाटे मी उठले तर वन्सं परसात आधीच गेलेल्या. दिवा घेऊन गुलाबापाशी उकिडव्या बसल्या होत्या. कळी कालच्याइतकीच मिटलेली होती.

मी म्हटले, “बोटांनी जरा उकलली तर?”

“कळी देवाला वाहत नाहीत,” त्या म्हणाल्या, “आणि उकललेली कळी म्हणजे फूल नव्हे.” मग त्यांनी परडी घेतली आणि नेहमीसारखी फुले काढायला लागल्या. एकेका जातीचे एकेक, उत्तम पाहून. मोहर माझ्याकडून काढवला. त्यांचे हात गार पडले होते आणि तोंडावर काही दिसत नव्हते. मला वाटले, रडल्या असत्या तर बरे झाले असते.

मी आत येऊन सुगडे भरायला बसले. संक्रांतीची ती लहान मडकी आमच्या घरी सुनाच भरतात. हळदकुंकू लावून त्यांत गाजराचे तुकडे, बोरे, उसाची कांडी, गव्हाच्या ओंब्या, हरभऱ्याचे घाटे, पावट्याच्या शेंगा, तीळ घालायचे. हात चालले होते, मन परसात होते.

सूर्य वर आला तसे मामंजी स्नान करून परसात पाटावर बसले. भावजी शेजारी उभे. जाऊबाई आणि मी मागच्या दाराशी, वन्सं दाराच्या आत भिंतीला टेकून. मामंजी एकेक नाव घेत आणि तबकातले एकेक फूल वाहत. जास्वंद गेली, कण्हेर गेली, कुंद गेला. अकराव्या नावाला मोहर वाहिला. बाराव्या नावाला त्यांचा हात तबकात गेला आणि तसाच राहिला. तबक रिकामे होते.

“संपली,” भावजी म्हणाले. त्यांच्या आवाजात वाईटपणा नव्हता. एखादे काम उरकल्यावर बोलतात तसे ते बोलले. “उद्या माणसं लावतो, बाबा.”

मामंजींनी मागे पाहिले. बहुधा वन्संकडे, पण त्या आत होत्या आणि बाहेर आल्या नाहीत.

त्याच वेळी माझी नजर भावजींच्या मागे कुंपणावर गेली. तिथे पावट्याचा वेल चढला होता. त्याला पांढऱ्या-जांभळ्या फुलांचे तुरे होते आणि त्यांवर मधमाश्या घोंगावत होत्या. रोज आम्ही त्या वेलाच्या शेंगा तोडत होतो आणि तो आम्ही मोजलाच नव्हता. आमच्या लेखी ती भाजी होती. फुलझाडे निराळी, भाजी निराळी, असेच लहानपणापासून डोक्यात बसलेले.

मला वाटले, वन्सं सांगतील. त्यांना दिसत नव्हते. मला वाटले, जाऊबाई सांगतील. त्या माझ्याकडे पाहत होत्या. मामंजींनी तबक उचलले. ते पाटावरून उठले की झाले.

“पावटा फुललाय,” मी म्हटले.

आवाज कोणाचा तेच क्षणभर मला कळले नाही. भावजी वळले. मामंजी वळले नाहीत, पण उठायचे थांबले.

“कोण बोललं?”

“धाकटी,” जाऊबाई म्हणाल्या. “मुकी.”

“काय म्हणते?”

भावजी म्हणाले, “पावट्याचं फूल म्हणते. बाबा, भाजीचं फूल कोणी देवाला वाहतं का?”

मला दाराची चौकट घट्ट धरावी लागली. एकदा बोलून गेले होते, आता मागे फिरायला वाटच नव्हती. मी जमिनीकडे पाहूनच म्हटले, “आत्ता सुगडात पावट्याच्या शेंगा घातल्या. ती सुगडं देवापुढेच ठेवायची आहेत. शेंग देवाला चालते, मग फूल का चालू नये?”

कुंपणापलीकडून कोणाच्या तरी बैलाच्या घुंगरांचा आवाज आला. माझे कान तापले होते आणि आता मामंजी रागावणार असे धरून मी उभी होते.

मामंजी भावजींना म्हणाले, “तुला ह्याचं उत्तर येतं का?”

भावजींनी थोडा विचार केला. माणूस खरा होता. “नाही येत,” ते म्हणाले.

“मलाही येत नाही. मुली, आण ते फूल.”

मी गेले. सासऱ्यांसमोरून, दिरांसमोरून, परसाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. तुरा खुडताना एक मधमाशी हाताला चाटून गेली तेही नंतर आठवले. मामंजींनी बारावे नाव घेतले आणि ते फूल वाहिले.

मग भावजी म्हणाले, “पण बैल? बैल मरतील थंडीनं, बाबा.” हेही खरेच होते.

“समोरच्या अंगणात छप्पर घाल,” मामंजी म्हणाले. “माझी दुपारची बाज असते तिथं.”

“आणि तुम्ही कुठं बसाल?”

“मागं बसेन,” मामंजी म्हणाले. “इथं ऊन चांगलं येतं, आणि बरंच काही फुललेलं दिसतंय.”

जाऊबाईंनी मला कोपर मारले. “बोललीस तर बोललीस, तेही सासऱ्यांशी वाद घालायलाच!” पण त्या हसत होत्या, आणि त्या दिवसापासून त्यांनी मला मुकी म्हणणे सोडले. बडबडी म्हणू लागल्या, तेही खोटेच.

संध्याकाळी बायका हळदकुंकवाला यायच्या होत्या. त्या वेळी वन्संनी पुढे यायचे नव्हते. दरवर्षी त्या अशा वेळी माजघराच्या कोपऱ्यात जपमाळ घेऊन बसत. त्या दिवशी कोपरा रिकामा दिसला म्हणून मी मागे गेले. विहिरीच्या पलीकडे त्या गुडघे टेकून खड्डा खणत होत्या. शेजारी फुटक्या मडक्यात वीतभर उंचीचे रोप होते, चारच पाने.

“हे काय?” मी विचारले.

“सोनचाफा. पावसाळ्यापासून लपवून ठेवलाय चुलीमागच्या बोळात.”

“इतके दिवस लावला का नाही?”

“हा फुलायला पाच-सहा वर्षं घेतो गं,” त्या म्हणाल्या. “जागा आपली आहे की नाही तेच मला कधी ठाऊक नव्हतं. झेंडू लावावा, शेवंती लावावी. वर्षात येतात, वर्षात जातात. हा कशाच्या भरवशावर लावू?”

त्यांनी रोप खड्ड्यात उभे केले. मी माती लोटली. आतून बायकांचे हसणे आणि बांगड्यांचा आवाज येत होता आणि जाऊबाई मला हाका मारीत होत्या.

“जा, तिळगूळ वाटायचा आहे,” वन्सं म्हणाल्या.

“जाते,” मी म्हटले आणि आधी विहिरीकडे वळून एक पोहरा शेंदला. नव्या रोपाला त्याच दिवशी पाणी मिळायला हवे.