जिमीची वेचणी

त्या दिवशी बंगल्याच्या मांगच्या पडवीत कोण कोण होतं, ते पहिले सांगतो. मी होती. माही सुभी होती, झोळीत, सहा महिन्याची. खानसामा करीमचाचा सयपाकघराच्या उंबऱ्यात बसून कांदे सोलत होते. शिवराम माळी होता, छिंदवाड्याकडचा, हातात झारी. जिमी कुत्रा टेबलावर उभा होता. अन् त्याच्यापाशी ते होते, दोन बोटं राखेच्या वाटीत.

त्यायचं नाव मी घेत नाही. माह्या मालकाचं, नवऱ्याचं, तेच नाव होतं. मालक तापानं गेले, सुभी पोटात असतानी, तरी ते नाव तोंडावाटे निघत नाही. तुमच्या घरच्या म्हाताऱ्या बाया असंच करत असन, तुमी पाह्यलं असन. त्यायले बोलवाचं असलं की मी नुसती खोकलत होती. मंग ते मान वर न करता म्हणत, "खोकला लयच वाढला वं बाई तुहा. बोल, काय पायजे?"

बंगला सिव्हिल लाइनीत होता, जंगलखात्याच्या सायबाचा. झाडू, भांडे, पाणी माह्याकडे. मांगच्या खोल्यायमधली एक खोली मले भेटली होती. ते फक्त कुत्र्याचं पाहत. पहिले कामठीच्या छावणीत एका कप्तानाचे सहा कुत्रे त्यायच्या हाती होते, म्हणून मेमसायबानं त्यायले मुद्दाम आणलं होतं.

जिमी विलायती होता. कोकराएवढा, तोंडाले दाढी, भुवया डोळ्यावर. अंगावर तारेसारखे राठ केस, अन् ते केस गळतच नव्हते. आपल्या गावच्या कुत्र्याचे केस उन्हाळ्यात आपोआप झडते. ह्याचा केस मेला तरी अंगावरच राहे. रोज कंगवा नाही फिरवला त बगलेत, पोटाखाली गठुळे होत. अन् वर्षातून दोनदा जुने केस बोटानं काढा लागत, थोडे थोडे करून. कैची लावाची नाही. कैची लावली की केस मऊ पडते, रंग उडते, अन् मेमसायब चिडते.

ह्या कामाले ते वेचणी म्हणत. "तू नरखेडाकडची ना? कापूस वेचला ना? मंग हे तेच. पिकला तेवढा केस घ्याचा. कच्च्याले हात लावला त कुत्रा चावते."

आंगठा अन् बोट राखेत बुडवत, हलकी फुंकर मारत, अन् पाठीवर चिमटी धरत. राखेनं केस निसटत नाही. त्यायची चिमटी चाले तवा जिमी डोळे मिटून उभा राहे. अन् ते त्याच्यासंग इंग्रजी बोलत. "शिट! ष्टे! गुड बॉय! आता हालला त पाह्य बाप्पा, दाढीच काढतो तुही."

करीमचाचा हासत. "अरे मियाँ, तुम्हारी अंग्रेजी सुनके डर के मारे चुप खड़ा है बेचारा!"

"भेव चांगलं असते चाचा," ते म्हणत. "भेव धराव. हात हालू देऊ नाही."

हे त्यायचं रोजचं बोलणं होतं. मलेबी तेच सांगत. कारण मले कुत्र्याचं लय भेव. माह्या गावी एका माणसाले पिसाळलेला कुत्रा चावला होता. पाण्याचा गडवा दिसला की तो माणूस भिंतीले चिकटे. दोन दिवस त्याचं ओरडणं साऱ्या गावानं ऐकलं. मी नऊ वर्षाची होती. माह्या मायनं माहे कान दाबून धरले होते, तरी ऐकू येत होतं.

अन् मेमसायबाचा हुकूम झाला, वेचणीच्या वक्ती जिमीचं तोंड मी धराचं. पहिल्या दिवशी माहे दात वाजून राह्यले होते.

"हे दात तुहे वाजते का त्याचे?" ते म्हणे. "दाढीखाली हात घाल. ऊबदार लागते ना? सुभीची हनुवटी धरतं तसं धर."

पंधरा दिवसानं माहा हात हालाचा थांबला. भेव गेलं नाही.

होळीच्या आधी ते कामठीले गेले, भाचीच्या लग्नाले, तीन हप्ते. कंगवा माह्याकडे देऊन गेले. त्याच दिवसात मी कचरा टाकाले गेली अन् मांगचं फाटक उघडं राह्यलं. एक पिवळा कुत्रा आत आला. शेपटी खाली, तोंडाले लाळ. सरळ जिमीवर गेला. लिंबाखाली दोघं भिडले. करीमचाचानं टोपलं फेकून मारलं तवा तो सुटला अन् भिंतीले धडकत धडकत निघून गेला.

जिमीनं अंग झटकलं. इतके दाट केस, रक्ताचा थेंब दिसला नाही. मी वरवर हात फिरवला. करीमचाचा म्हणे, "कुछ नहीं हुआ. चुप रह. मेमसाब को मालूम पड़ा तो तू भी बाहर, मैं भी बाहर."

मी चूप राह्यली. मेमसायब पचमढीले गेली, तिच्या लहान बाळामुळं जिमीले घरीच ठेवून गेली. मी रोज कंगवा फिरवत होती, पण मानेखाली तो हात लावू देत नव्हता. मंग मी तेवढी जागा सोडून देत होती. कोण पाहते?

ते परत आले. दुसऱ्याच दिवशी वेचणी काढली. पहिले सांगतला तो पडवीतला दिवस हाच. जिमी दोन दिवसापासून जेवत नव्हता, भुंकला की आवाज फाटत होता.

"ह्याचा आवाज काहून बसला वं?" त्यायनं इचारलं.

मी जिमीची दाढी धरून उभी होती. पाठ झाली, बगल झाली. मानेखालचं गठुळं त्यायनं चिमटीत धरलं अन् थांबले. केस दोन्हीकडे सारले. खाली दोन दाताचे वण होते, वाळलेले.

"हे काय वं?"

तवाबी मी बोलली नाही. तेवढ्यात जिमीनं माहा हात झटकला अन् त्यायच्या आंगठ्याच्या बेचकीत दात रोवले. गुरगुरला नाही, काही नाही. रोवले अन् तसाच धरून राह्यला. शिवरामनं झारी आपटली तवा सुटला, अन् टेबलाखाली जाऊन बसला.

मंग मी सांगतलं. फाटक, पिवळा कुत्रा, लाळ, सारं. ते हात धूत राह्यले. मले शिवी दिली असती त बरं वाटलं असतं.

"मोठ्या दवाखान्यात जा ना," मी म्हणली. "पोटात सुया देते म्हणते."

"तिथं कुत्रा कोणाचा ते लिवून घेते. सायबाले चिठ्ठी जाईन. मंग फाटक कोणं उघडं ठुलं ते निघन." त्यायनं झोळीकडे पाह्यलं. "पोरीले घेऊन कुठं जाशीन तू? कामठीत मले लय वेळा चावले. मेलो का?"

तवा शिवराम बोलला. त्याच्याकडे म्हणे कुत्रा चावला की सात विहिरीत डोकावून पाहते. साताई विहिरीत आपलं तोंड दिसलं की जहर उतरलं. आमाले तेच पायजे होतं. फुकटचं होतं अन् कोणाले सांगा लागत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आमी निघालो, सुभी माह्या कंबरेवर. उन्हाळ्याचे दिवस, पाणी पार तळाले गेलेलं. ते वाकत. मी इचारत होती, "दिसलं?"

"दिसलं. म्हातारंच दिसून राह्यलं. जवान काही होत नाही."

पाचव्या विहिरीचा काठ फुटका होता. ते वाकले अन् पायाखालचा दगड सरकला. मले नाव घेऊन ओरडाचं होतं. नाव गळ्यापर्यंत आलं अन् अडकलं. खोकलाबी येईना. निघालं ते भलतंच निघालं.

"अहो!"

त्यायनं विहिरीवरचं राहाटाचं लाकूड धरलं, वाचले. पाणी भरणाऱ्या बाया हासल्या. "काय जपतं वं बाई नवऱ्याले!" मी पदर तोंडावर घेतला. ते चार पावलं पुढं जाऊन म्हणे, "चला, खोकला त बरा झाला."

सातव्या विहिरीत दिसलं तवा त्यायनं मले बोलावलं. "ये पाह्य, तुहंबी दिसते." मी वाकली. खाली लांब, दोन तोंडं हालून राह्यले होते. आमी दोघंबी हासलो. मले वाटलं, सुटलो.

पाचव्या दिवशी जिमी मेला. जबडा लोंबत होता, मिटत नव्हता. मेमसायबाले कळवलं, लू लागली. ती दुसरा कुत्रा आणणार होती, म्हणून त्यायची नोकरी राह्यली.

मंग मी एक काम लावून घेतलं. रोज सकाळी त्यायले पाण्याचा गडवा नेऊन देत होती अन् ते पिऊन होईपर्यंत उभी राहत होती. काहून उभी आहो ते त्यायले ठाऊक होतं. घटाघटा पीत अन् गडवा उलटा करून दाखवत. "झालं समाधान?" एक दिवस भरला की मी दुसऱ्या दिवसाले भेत होती. असं पावसाळ्यातल्या आखाडीच्या सणापर्यंत चाललं. मले भरवसा वाटू लागला होता.

आखाडीच्या चौथ्या दिवशी ते आंगठा चोळत बसले होते. म्हणे, मुंग्या येऊन राह्यल्या. मी गडवा दिला. त्यायनं तोंडापाशी नेला अन् मान ताठ झाली, गळा आवळला, पाणी छातीवर सांडलं. पुन्हा नेला. पुन्हा तसंच. मंग त्यायनं गडवा हळूच खाली ठेवला, आवाज न करता, अन् माह्याकडे पाह्यलं.

"पोरीले उचल. आत जा. कडी लाव."

"पण दवाखान्यात..."

"आत जा म्हणलं ना!"

माह्यावर ते पहिल्यानंच ओरडले. मी सुभीले उचललं. आत गेली. कडी लावली. हो, लावली मी.

खिडकीतून दिसलं, त्यायनं दुपट्टा तोंडावर घट्ट बांधला अन् रस्त्याच्या मधोमध चालू लागले. समोरून पोरं येत होते. पोरायले हातानं दूर हो, दूर हो करत चालत गेले. शिवराम मांगं मांगं गेला, अंतर ठेवून.

शिवराम तिसऱ्या दिवशी परतला. ते आपल्या पायानंच मोठ्या दवाखान्यात गेले होते. डागदर म्हणे, आता सुयाचा उपेग नाही. कोणाचा कुत्रा म्हणून इचारलं तवा त्यायनं सांगतलं, रस्त्यावरचा होता, ओळखत नाही. तसंच लिवून घेतलं. तिसऱ्या पहाटे गेले.

त्या बंगल्यात मी अजून अकरा वर्षं भांडे घासले. कोणीच मले काही इचारलं नाही.

हे माही नातसून लिवून राह्यली. वाचणाऱ्याले एक सांगणं आहे. घरच्या कुत्र्यासंग बाहेरचा कुत्रा भिडला असन त ते सांगून टाका. केसाखाली नीट पाहा, अन् नाही दिसलं तरी सांगा. कोणाले चावला त त्याच दिवशी दवाखान्यात न्या. कोणाची नोकरी जाईन म्हणून थांबू नका. माही गेली असती त गेली असती.