पुनारामची पितळी मासोळी

पुनाराम मेश्राम यांच्या दोन्ही डोळ्यांची नजर काचबिंदूने गेली, तेव्हा ते बावन्न वर्षांचे होते. लालबर्रा रोडवरच्या एका वर्कशॉपमध्ये त्यांनी सव्वीस वर्षं लेथ मशीन चालवली होती. राइस मिलचे झिजलेले शाफ्ट त्यांच्याकडे यायचे आणि नव्यासारखे होऊन परत जायचे. नजर गेल्यावर मात्र वर्षभर ते बालाघाटच्या घरात खाटेवर बसून राहिले. मुलगी प्रियंका नर्स होती. ड्यूटीवर जाताना ती पाणी, जेवण, औषध हाताशी ठेवून जायची आणि बाहेरून कडी लावायची. त्या कडीचा आवाज त्यांना सहन होत नसे.

त्यांचा जुना मित्र फकिरा वैनगंगेत डोंगा चालवायचा. एके दिवशी तो त्यांना डोहावर घेऊन गेला. गांडूळ गळाला लावताना पुनारामची बोटं टोचून रक्ताळली. फकिरा सहज म्हणाला, "त्यापेक्षा लोखंडाचाच मासा करून टाक ना बे."

पुनाराम हसले नाहीत. घरी येऊन त्यांनी पंपाच्या जुन्या व्हॉल्व्हचं पितळ कापून घेतलं आणि आठवडाभर कानशीने घासत बसले. बोटभर लांब मासोळी तयार झाली, तिलाच गळ जोडला. पाण्यात टाकली, तर ती दगडासारखी सरळ तळाला गेली. दुसरी गोल फिरून दोरीला पीळ घालू लागली. तिसरीचं पोट त्यांनी थोडं रुंद ठेवलं, शेपटी पातळ केली. ती पडताना जिवंत माशासारखी डोलली आणि ते डोलणं दोरीतून थेट त्यांच्या बोटांपर्यंत आलं. त्या दिवशी एकही मासा लागला नाही, तरी ते घरी गात गेले. कडी लावणं प्रियंकाने त्यानंतर बंद केलं.

गेल्या जानेवारीत नागपूरहून चंद्रशेखर नावाचा एक हौशी मासेमार आला. कॉलेजात शिकवायचा. त्याच्या पेटीत चाळीसेक विकतच्या धातूच्या मासोळ्या होत्या. जिग म्हणायचा तो त्यांना. दोन दिवस फकिराच्या डोंग्यात बसून त्याने त्या सगळ्या पाण्यात टाकून पाहिल्या. हाती काही आलं नाही. तिसऱ्या सकाळी फकिराने डोंग्यात पुनारामनाही घेतलं.

"पेटी द्या इकडे," पुनाराम म्हणाले.

"काका, गळ टोचतील. आणि तुम्हाला..."

"दिसत नाही, हौ. माशाले तरी कोठी रंग दिसते एवढ्या खोल? द्या."

ते एकेक मासोळी तळहातावर घेत, बोटावर तोलून पाहत आणि खाली ठेवत. "हिचं सारं वजन शेपटीत. सुसाट जाते खाली, माशाले पाह्याले वेळच नाही. ही लई हलकी, थंडीत मासा तळाले बसून राह्यते, तिथपर्यंत ही जातच नाही." शेवटी त्यांनी एक मळकट, ओरखडे पडलेली मासोळी उचलली. "ही. मधात जड आहे. ही डोलन."

"ती तर सगळ्यात जुनी आहे," चंद्रशेखर म्हणाला.

पुनारामनी ती चंद्रशेखरच्या रॉडच्या दोरीला बांधून सोडली. दोरी ढिली पडली, म्हणजे तळ लागला. मनगटाने हातभर उचलली आणि पडू दिली, पण दोरी बोटाला लागलेली ठेवून. "तुम्ही उचलता बरोबर, मंग ढिली सोडून देता. मासोळी पडताना घेते मासा, साहेब. तवाच तुमचं बोट झोपून राह्यते."

सातव्या-आठव्या वेळेस मासोळी पडता पडता मध्येच थांबली. पुनारामनी झटका दिला आणि रॉड वाकला. वीसेक मिनिटांनी फकिराने जाळीत घेतला तो लांब मिशांचा, रुंद जबड्याचा पढीन. नऊ किलो भरला.

चंद्रशेखरने सगळं मोबाइलवर घेतलं होतं. "काका, मी हे टाकतो. आंधळ्या माणसाची कमाल, असं लिहितो."

"नोको," पुनाराम म्हणाले. आवाज चढला नव्हता, तरी फकिराचं वल्हं थांबलं. "डोळे गेले त्यात माह्यी काय कमाल? पुनाराम मेश्राम, लेथवाले मिस्त्री, बालाघाट. असं लिहा. नाहीतर पुसून टाका."

चंद्रशेखर ओशाळला. तसंच लिहितो म्हणाला, आणि लिहिलंही तसंच. जाताना त्याने मागितल्या म्हणून पुनारामनी त्याला आपल्या दोन पितळी मासोळ्या दिल्या.

पुढच्या रविवारी प्रियंकाला सुट्टी होती. ती म्हणाली, "बाबा, मले शिकवा ना." डोंग्यात ती रॉड धरून बसली आणि पुनारामनी तिच्या बोटांपुढे दोरीला आपलं बोट लावलं.

"घाई करून राह्यली तू. पडू दे तिले."

"पडली."

"अजून नाही पडली. आता पडली. समजलं?"

"हौ," ती हळूच म्हणाली, "डोलली, बाबा."

दुपारपर्यंत तिला काही लागलं नाही. पुनाराम फकिराकडे तोंड वळवून म्हणाले, "पोरीचा हात पाह्य. लेथवर उभी केली असती तर माह्यापेक्षा बारीक काम केलं असतं तिनं."


प्रियंकाने ऐकलं, पण दोरीवरचं बोट हलू दिलं नाही.