केरबाने तेल सोडलं तेव्हा

दौलताबादच्या किल्ल्यामागच्या माळावर केरबा रोज अकरा शेळ्या चारतो. वय एकाहत्तर. उजवा गुडघा सकाळी सुजलेला असतो, ऊन चढलं की जरा मोकळा होतो. गोळी चालू आहे. पूर्वी असली दुखणी त्याच्या गावीही नसत, कारण कमरेला चिलीम होती. नात दिपाली जन्मली, तेव्हा बारशाच्या दिवशी मंजुळाबाईने नवऱ्यापुढे हळदीची वाटी धरली आणि केरबाने खंडोबाचा भंडार उचलून, देवाच्या शपथेवर गांजा सोडला. त्याला वीस वर्षं झाली. भंडार मोडला तर ते पोरीच्या जिवावर येईल, हे त्याच्या मनात तेव्हापासून पक्कं बसलेलं.

ती पोर आता संभाजीनगरात आहारशास्त्र शिकते. दिवाळीला घरी आली, चुलीपाशी बसली आणि रिफाइंड तेलाच्या रिकाम्या पिशव्या मोजायला लागली.

"आजी, महिन्याला पाच पिशव्या? माणसं तीन अन् त्यातली एक मी, ती पण सुट्टीपुरती."

"तुझा आबा शेवेशिवाय भाकरी खात नाय," मंजुळाबाई म्हणाली. "तळू कशात मग, पाण्यात?"

दिपाली आबांकडे वळली. "आबा, गंमत सांगू? आपलं अंग स्वतःच गांज्यासारखं द्रव्य तयार करतं. खाल्लेल्या तेलातुपापासूनच. भूक, दुखणं, सूज, सगळ्यावर त्याचा लगाम असतो. पण सोयाबीनचं, सूर्यफुलाचं तेल फार झालं की ते द्रव्य गरजेपेक्षा जास्त बनतं. मग भूक उगाच खवळते. अन् त्याच चरबीपासून सूज वाढवणारी दुसरी द्रव्यंही बनतात."

ती आणखी बरंच बोलली. केरबाच्या कानात पहिलीच दोन वाक्यं राहिली.

दुसऱ्या दिवसापासून त्याने तेल बंद केलं. फोडणी नको, शेव नको, दुधावरची साय नको, शेंगदाण्याची चटणीसुद्धा नको. कोरडी भाकरी, कांदा, मीठ.

"माझ्या हातचं कडू झालं व्हय?" मंजुळाबाईने तिसऱ्या दिवशी विचारलं.

"तसं नाय."

"मग कसं हाय?"

केरबाने काठी उचलली आणि शेळ्या सोडल्या. दिपाली त्या पहिल्याच सकाळी शहरात परत गेली होती. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं.

अठराव्या दिवशी तो माळावर लिंबाखाली टेकला तो उठेचना. डोळ्यांपुढे अंधारी आली. तेवढ्यात शेळ्या शेजारच्या पेरूच्या बागेत शिरल्या, आणि त्यांत चंद्री नावाची एक शिंगमोडकी सगळ्यांत पुढे. बागवाल्यानेच त्याला धरून घरी आणलं. मंजुळाबाईने दिपालीला फोन केला. "तुझा आबा उपाशी मराया निघालाय, कारण मला सांगंना. तू विचार."

रविवारी सकाळच्या बसने दिपाली आली. आबा अंगणात बसून काठीने मातीत रेघा ओढत होते.

"आबा, तेल का सोडलं?"

"तुझ्यासाठी भंडार उचलला व्हता," तो म्हणाला. "अन् तू म्हणतीस, तेलातुपाचा अंगात गांजा व्हतो. वीस वर्सं मी रोज मोडतच आलो की. तुला काय झालं म्हंजे?"

दिपालीला हसू येणार होतं. आबांचे डोळे पाहून ते तिथंच थांबलं. ती त्यांच्याशेजारी मातीत बसली.

"आबा, तो गांजा नाही, त्याच्यासारखं काहीतरी आहे. अन् तेल सोडलं तरी अंग ते थोडंफार बनवतंच. माझंही बनवतं, आजीचंही. या शेळ्यांचंसुद्धा. तुम्ही भंडार उचलला त्या दिवशीही बनत होतं."

केरबाचा चेहरा आणखीच उतरला. "मंग उचलला तोच खोटा?"

मंजुळाबाई दारात सुपात जवस निवडत बसली होती.

"अंगात काय घातलंय ते देवाला ठाऊक नव्हतं व्हय?" ती म्हणाली. "त्यानंच घातलं ना? तुमी चिलीम सोडली. ती परत धरली का?"

"नाय."

"मग झालं. अंग सोडतो म्हणून कुठं भंडार उचलला व्हता."

केरबाने काठी भिंतीला टेकवली. मग म्हणाला, "लई भूक लागलीय."

मंजुळाबाईने भाजी फोडणीला टाकली, तेल निम्मं घालून. दिपालीने जवस भाजले. लसूण आणि तिखट घालून मंजुळाबाईच्या आईची चटणी कुटली. शेव रोजची झाल्यापासून ती चटणी मागं पडली होती. जवसातली चरबी सोयाबीन-सूर्यफुलाच्या तेलांचा जोर जरा आवरते, असं दिपालीने सांगितलं. पण गोळी सोडायची नाही, आणि गुडघ्याची सूज उतरेलच असंही नाही. मोठमोठ्या शास्त्रज्ञांचंही अजून पुरतं ठरलेलं नव्हतं.

"त्यांचं ठरंपर्यंत वाढ अजून," केरबा म्हणाला.

जेवण झाल्यावर तो देवापाशी गेला आणि भंडाराची चिमूट घेऊन आला. दिपालीच्या कपाळाला लावली. उरलेली बोटावरची हळद घेऊन अंगणात उतरला, गुडघ्यावर हात ठेवत, आणि चंद्रीच्या कपाळाला पुसली.

"हिच्याबी अंगात हाय म्हणं," तो म्हणाला. "म्हणूनच पेरूत शिरली."