तूट कोणाची?

आमच्या शहरात एक केबल चॅनेल होतं. बस स्टँडच्या मागे, झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत त्याचा स्टुडिओ. मी कनिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते, एवढ्या एका कारणाने चॅनेलच्या मालकांनी मला राज्याच्या अर्थसंकल्पाच्या दिवशी चर्चा चालवायला बोलावलं. मला वाटलं, तूट म्हणजे काय, सरकार कर्ज कशासाठी काढतं, हे लोकांना समजावून सांगायचं असेल. मालक म्हणाले, "मॅडम, ते दोन मिनिटांत उरका. लोकांना भांडण बघायचंय."

भांडणारी माणसं त्यांनी आधीच ठरवली होती. दोघेही एकाच गावचे. शहराच्या उत्तरेला समुद्राच्या कडेने आरे-वारेकडे रस्ता जातो, त्या बाजूचं गाव. एक होत्या बाई. जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, बौद्धवाडीत राहणाऱ्या, आवाज कधीही न चढवणाऱ्या. दुसरे कप्तान. ते खरे कप्तान नव्हते. मालवाहू जहाजांवर आयुष्यभर खलाशी होते. पण गावात सगळे त्यांना कप्तानच म्हणत आणि त्यांनाही ते आवडत असे. बाईंचा पक्ष तेव्हा सत्तेत होता, कप्तानांचा विरोधात.

कप्तान पहिल्याच दिवशी टेबलावर हात आपटून म्हणाले, "तिजोरीला भोक पाडलंत तुम्ही! आता वर झाकण लावून बसलात."

बाई शांतपणे म्हणाल्या, "भोक आम्ही येण्याआधीचं आहे. आम्ही बोळा घालतोय."

मालक काचेपलीकडून मला अंगठा दाखवत होते. मार्च महिना, आवाज येतो म्हणून पंखा बंद, आणि आम्ही तिघं घामाघूम. तुटीची व्याख्या माझ्या तोंडातच राहिली.

दरवर्षी हेच. बाई सांगायच्या, मागच्या सरकारने कर्ज करून ठेवलं, वर संकटं आली, केंद्राकडून हक्काचे पैसे वेळेवर येत नाहीत, आणि विकासासाठी कर्ज काढणं हे काही पाप नाही. कप्तान म्हणायचे, हे सगळं उधळपट्टी झाकायला. कार्यक्रम संपला की आम्ही खाली टपरीवर चहा घ्यायचो. तिथे कॅमेऱ्यासमोरचं "तुम्ही" गळून पडायचं. बाई कप्तानांहून मोठ्या, शिवाय त्यांच्या मुलीला बाईंनी शिकवलेलं. "अरे, टेबल किती आपटतोस? माझा चष्मा उडाला असता," असं त्या म्हणायच्या आणि कप्तान कानाच्या पाळीला हात लावायचे. मग ते आपल्या जुन्या गाडीतून बाईंना घरापर्यंत सोडायचे, कारण त्या वेळेला तिकडे जायला एसटी नसायची.

बाईंनी मला एकदा सांगितलं होतं, की त्यांच्या लहानपणी त्यांच्या वाडीतल्या माणसाला कप्तानांच्या वाडीत ओटीवरही कोणी बसू देत नसे. "आणि आता हा माझ्यासाठी गाडीचं दार उघडतो. तोंडाने काही बोलत नाही त्याबद्दल. पण उघडतो." एवढंच सांगून त्यांनी विषय बदलला.

निवडणुकीच्या आधीच्या अर्थसंकल्पाला कप्तान जास्तच रंगात आले होते. बोलता बोलता खुर्चीतून अर्धे उठले आणि बाईंकडे बोट करून म्हणाले, "आमचं सरकार येऊ दे. तूट कमी झाली नाय, तर याच खुर्चीत बसून मी तुमची माफी मागेन, बाई!"

बाई हसल्या. "लक्षात ठेवीन हो."

निवडणूक झाली आणि कप्तानांचं सरकार आलं.

पुढच्या मार्चमध्ये अर्थसंकल्प आला तेव्हा तूट कमी झाली नव्हती, वाढली होती. दुपारी वर्गावरून आले तर मालकांचा फोन. "मॅडम, आज बघा मजा. कप्तानांची ती क्लीप काढून ठेवलीय. ते बोलायला लागले की मधेच लावायची." मालकांना मी वाईट म्हणणार नाही. लोक केबल काढून टाकत होते, सगळं मोबाईलवर बघत होते, आणि त्यांच्याकडे काम करणाऱ्या पोरांचे पगार त्यांना भागवायचे होते. एखादी क्लीप चार गावांत फिरली तर चॅनेलचं नाव होणार होतं. तरी मी म्हटलं, "नको ना, कशाला?" ते म्हणाले, "तुम्ही फक्त चर्चा चालवा."

संध्याकाळी कप्तान इस्त्रीचा शर्ट घालून आले. हातात पक्षाकडून आलेले कागद. नेहमी पायऱ्या चढता चढताच त्यांचं बोलणं सुरू व्हायचं. त्या दिवशी गुपचूप येऊन बसले आणि पाणी मागितलं. पक्षातल्या दुसऱ्या कोणाला पाठवायला हवं होतं, असं मला वाटलं. पण त्यांच्या नेत्याने त्यांनाच जायला सांगितलं होतं, आणि कप्तान आपल्या नेत्याचा शब्द मोडणारे नव्हते. त्याला कारण होतं. तरुण असताना त्यांच्या कंपनीने जहाज एका परक्या बंदरात तसंच सोडून दिलं होतं. पगार नाही, धड जेवण नाही, उतरायला परवानगी नाही. तेव्हा या नेत्याने मुंबई-दिल्लीच्या कचेऱ्यांत खेटे घालून त्या सगळ्या खलाशांना घरी आणलं. त्या दिवसापासून कप्तान त्या साहेबांचे.

बाई अजून काचेपलीकडच्या खोलीतच होत्या, मी त्यांना बोलवायला गेले. माईक लावताना तिथल्या पडद्यावर त्यांना ती क्लीप दिसली होती.

त्या मालकांना म्हणाल्या, "हे लावणार असाल तर मी बसत नाही."

"बाई, तुमच्याच फायद्याचं आहे की!"

"माझ्या पक्षाच्या फायद्याचं असेल. मला त्याच्या गाडीतून घरी जायचंय."

पाच-दहा मिनिटं मालकांनी समजावलं, बाई दारात उभ्या राहिल्या, शेवटी क्लीप बाजूला ठेवली गेली. कप्तानांना यातलं काही ऐकू गेलं नव्हतं, निदान मला तरी तसं वाटतं.

चर्चा सुरू झाली. आता कप्तान कागदात बघून सांगत होते, की मागच्या सरकारने कर्ज करून ठेवलं, केंद्राचे पैसे यायचेत, विकासासाठी कर्ज काढणं पाप नाही. बाई म्हणत होत्या, ही उधळपट्टी आहे, निवडणुकीआधी वाटेल ती आश्वासनं दिलीत, त्याची ही फळं. दोघांनी एकमेकांची वाक्यं जशीच्या तशी उचलली होती. मला हसू येत होतं आणि कप्तानांकडे बघून ते मावळत होतं. त्यांचा एकही शब्द रेटून येत नव्हता.

मग प्रेक्षकांचे फोन घेतले. दुसरा की तिसरा फोन, शहरातलेच कोणी गृहस्थ. आवाज साधा, चेष्टेचा नव्हे. "कप्तान, मी दरवर्षी तुमचा कार्यक्रम बघतो. गेल्या वर्षी तुम्ही म्हणाला होतात, तूट कमी झाली नाही तर बाईंची माफी मागीन. त्याचं काय?"

काचेपलीकडे मालक उठून उभे राहिले. मी कप्तानांना सोडवायला म्हणाले, "आपण आधी तुटीची कारणं..."

"थांबा, मॅडम," कप्तान म्हणाले. त्यांनी हातातले कागद टेबलावर ठेवले. मग ते खुर्चीतच बाईंकडे वळले. "बोललो होतो. तुमच्या सरकारला मी नाय नाय ते बोललो. मला वाटायचं, आमची माणसं आली की सगळं सरळ होईल. तसं काय झालं नाय. बाई, माफ करा."

त्यांनी खरंच हात जोडले.

बाईंनी चष्मा काढला. "अरे, माफी कसली मागतोस? तूट काय तू केलीस?" कॅमेऱ्यासमोर त्या त्यांना पहिल्यांदाच "अरे" म्हणाल्या. "आमच्या वेळी मी तुझ्या जागी बसून काय बोलत होते? हेच, जे तू आज वाचलंस. मलाही कुठे सगळं पटत होतं? पण आपलं सरकार, म्हणून बोलत होते."

पुढची चर्चा आधी कधी झाली नव्हती तशी झाली. बाईंचं मत बदललं नव्हतं. निवडणुकीच्या तोंडावर बायकांच्या खात्यात दरमहा पैसे टाकायचं आश्वासन देणं म्हणजे मतं विकत घेणं, हे त्यांनी कप्तानांना तोंडावर सांगितलं. कप्तान म्हणाले, "असेल. पण आमच्या घरातून सांगतो. लग्न झाल्यापासून बायको प्रत्येक वस्तूला मला विचारायची. परवा दाढ दुखत होती तर खात्यात आलेल्या त्या पैशातून आपली आपण एसटीने शहरात आली, दाढ काढून घरी गेली. मला संध्याकाळी कळलं. तो पैसा बंद करा, असं मी कुठल्या तोंडाने सांगू?"

बाईंनी काढलेला चष्मा परत लावला. मग म्हणाल्या, "माझं पेन्शनही त्याच तिजोरीतून येतं. ते कमी करा म्हटलं तर मीच मोर्च्यात पुढे असेन." आणि लगेच, "तरीपण हिशोब लोकांना आधी सांगायला हवा होता. तेवढं तुमचं चुकलंच."

"तेवढं चुकलं," कप्तान म्हणाले.

त्या दिवशी मला तूट म्हणजे काय ते नीट सांगायला पाच मिनिटं मिळाली. कार्यक्रमाच्या इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

हे इथे संपलं असतं तर बरं झालं असतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांच्या मोबाईलवर तो तुकडा आला. कप्तान हात जोडतात, "बाई, माफ करा" म्हणतात, आणि तिथेच संपतो. बाईंचं पुढचं बोलणं कापलेलं. कोणी कापलं ते शेवटपर्यंत कळलं नाही. मालक शपथेवर सांगत होते, आम्ही नाही. बाईंच्या पक्षाच्या मंडळींनी तो जोरात फिरवला. बाई त्यांच्या बैठकीला जाऊन भांडल्या, "पूर्ण दाखवा, नाहीतर काढून टाका," तर एक तरुण कार्यकर्ता त्यांना म्हणाला, "बाई, तुम्हाला राजकारण कळत नाही." निवृत्त झाल्या दिवसापासून पक्षाचं काम केलेल्या बाईंना.

कप्तानांच्या बाजूने तर विचारूच नका. तालुक्याच्या पदाधिकाऱ्यांनी फोनवर त्यांना झापलं आणि पुन्हा कुठेही बोलायला बसायचं नाही म्हणून बजावलं. जेटीवर पोरं त्यांना बघून हात जोडायला लागली. ते शहरात यायचे बंद झाले. मी एकदा फोन केला तेव्हा म्हणाले, "मॅडम, बाकीच्यांचं काय नाय. साहेबांचा एक फोन यायला हवा होता. बोललास ते चुकलास, एवढं जरी म्हणाले असते." तो फोन आला नाही.

बाईंनी काय केलं, ते मला त्यांच्याकडून नाही, कप्तानांच्या पत्नीकडून कळलं. एका शनिवारी सकाळी बाई त्यांच्या अंगणात जाऊन उभ्या राहिल्या. "मला बाजारात जायचंय. गाडी काढ."

"बाई, रिक्षा सांगतो तुम्हाला."

"रिक्षाने जायचं असतं तर तुझ्या दारात आले असते का?"

कप्तानांनी गाडी काढली. बाजारात पोचल्यावर बाईंनी त्यांना गाडीत बसून राहू दिलं नाही, बरोबर चालायला लावलं. भाजी घेतली, चप्पल शिवून घेतली, मासळी बाजारात बायकांशी घासाघीस केली, आणि प्रत्येक ठिकाणी पिशवी कप्तानांच्या हातात. कोणी हात जोडून दाखवलेच तर बाई थांबून विचारायच्या, "काय झालं? आमचं काही काम होतं का?" समोरचा माणूस हात खाली घेऊन वाटेला लागायचा. पुढच्या शनिवारी परत तेच. "मी घरात म्हटलं, कशाला जाता, लोक हसतात," कप्तानांच्या पत्नी मला सांगत होत्या. "तर हे म्हणाले, बाईंचं सामान कोण उचलणार?" चेष्टा हळूहळू थांबली. गावाला दुसरे विषय मिळाले, हेही खरं.

चॅनेलने ती खोली सोडली. मालक आता मोबाईलवरच बातम्या देतात. अर्थसंकल्पाच्या दिवशी त्यांच्याकडे दोन तरुण मुलगे येतात आणि एकमेकांचं ऐकून न घेता बोलतात. मला एकदा बोलावलं होतं. परीक्षेची कामं आहेत असं सांगून मी गेले नाही.

नंतर गावात ग्रामपंचायतीची निवडणूक लागली आणि बाई सरपंचपदाला उभ्या राहिल्या. कप्तानांनी त्यांचा प्रचार केला नाही. त्यांच्या पक्षाचं वेगळं पॅनेल होतं, आणि झालेल्या अपमानानंतरही पक्ष त्यांनी सोडला नव्हता. "साहेबांनी मला घरी आणलं होतं, ते खोटं होत नाय ना," असं ते म्हणायचे. मतदानाच्या दिवशी त्यांनी आपल्या पॅनेलच्या म्हाताऱ्या मतदारांची ने-आण केली. त्यांच्या पत्नीने मात्र संध्याकाळी जेवायला वाढताना सांगून टाकलं, की आपण मत बाईंना दिलंय. हे कप्तानांनीच मला फोन करून सांगितलं, आणि सांगताना इतके हसत होते की मला अर्धं वाक्य कळेना.

बाई थोड्या मतांनी पडल्या. निकालाच्या दुसऱ्या दिवशी मी त्यांना भेटायला गेले. त्या पडवीत खुर्ची टाकून बसल्या होत्या. थकलेल्या दिसत होत्या. तेवढ्यात कप्तान आले. हातात पिशवी, पिशवीत सुरमई. चपला बाहेर काढून सरळ आत स्वयंपाकघराकडे निघाले.

बाईंनी हाक मारली. "काय रे, तुझं पॅनेल जिंकलं म्हणून आणलीस, की मी पडले म्हणून?"

कप्तान दारातच थबकले. "ताजी दिसली म्हणून."

"केवढी आहे?"

त्यांनी पिशवी उघडून दाखवली. बाईंनी वाकून बघितलं आणि सुनेला हाक मारून सांगितलं, की भात जरा जास्त टाक, दोन माणसं जेवायला आहेत.